उताराच्या टोकाला नदी

खडकवासल्याच्या धरणातून मुठेत पाणी सोडल्याची बातमी आली की आत्याचा फोन येतो. "भिडे पूल गेला का गं?" म्हणजे बुडाला का, एवढंच विचारते. गेला म्हटलं की "बरं" म्हणून ठेवते. या पावसाळ्यात मात्र म्हणाली, "गेला असेल तर ये इकडे. मला पाणी बघायचंय."

आत्या पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. मी पाण्याविषयी लिहिते. मुठेवरून आमचं दोघींचं जुनं भांडण आहे. तिचं म्हणणं, काठ पक्के बांधून काढा, भिंती घाला, वरून फिरायला रस्ता करा, आमच्यासारख्यांना टेकायला बाकं ठेवा. माझं म्हणणं, नदीला तिची जागा सोडा. आजवर हे भांडण चहाच्या टेबलाशी व्हायचं. त्या दिवशी ते आम्ही नदीपर्यंत चालत नेलं.

निघताना छत्री काढायला तिने सागवानी कपाट उघडलं. हे कपाट मी लहानपणापासून बघते. साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर दोन्ही दारांवरून एक फिकट आडवी रेघ जाते. त्यानंतर तीनदा पॉलिश झालं, रेघ गेली नाही. लहान असताना कुलपाच्या भोकात टाचणी घालून मी आतली राखाडी माती उकरून काढली होती, आणि आत्याने माझ्या हातातून टाचणी काढून घेतली होती. रागावली नव्हती. नुसती टाचणी घेतली आणि आत गेली. सगळ्यात वरच्या कप्प्यात या वेळी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी दिसली, दोऱ्याने घट्ट बांधलेली. तिच्या वस्तूंमधली नव्हती ती. मी विचारलं नाही.

कपाट नारायण पेठेतल्या वाड्यातलं. १२ जुलै १९६१ ला आत्या तेरा वर्षांची होती.

"सकाळी कुणीतरी ओरडत गेलं, पानशेतचं धरण फुटलं म्हणून," चालता चालता ती सांगू लागली. "आईला खरं वाटेना. तिने कुकर, म्हणजे तेव्हा पितळी डबे असायचे, ते चुलीवर चढवलेले. मग पाणी दिंडी दरवाज्यातून आत आलं. लाट वगैरे नव्हती गं. गुपचूप आलं, चौकात पसरलं, तुळशीवृंदावनाच्या पहिल्या पायरीवर चढलं. दादांनी आम्हाला मंडईच्या बाजूला नेलं. नेसत्या वस्त्रांनिशी. दुपारी खडकवासल्याची भिंतही गेल्याचं कळलं. परत आलो तेव्हा वाड्याची मागची बाजू नव्हती. कपाट चिखलात आडवं पडलं होतं. त्यातलं सगळं गेलं, कपाट तेवढं उरलं."

नंतर सरकारने पूरग्रस्तांसाठी वसाहती केल्या. आत्याचं घर काही वर्षं गोखलेनगरच्या निसन हटमध्ये होतं, अर्धगोल पत्र्याखाली. "उन्हाळ्यात भाकरी भाजल्यासारखं वाटायचं," ती म्हणाली. "पण उंचावर होतं. रात्री पाऊस वाजायला लागला की आई म्हणायची, वाजू दे, इथवर नाही यायचं."

आम्ही कमला नेहरू पार्कवरून खाली निघालो. पाऊस थांबला होता, पानांवरचं पाणी मात्र वाऱ्याबरोबर अंगावर पडत होतं.

"बघ, या एका रस्त्यावर काय नाही मला," आत्या म्हणाली. "दवाखाना दहा मिनिटांवर. बाग समोर. भाजी दाराशी. वर भांडारकर संस्था आहे, तुझ्या आत्तोबांचा निम्मा जन्म तिथल्या वाचनालयात गेला. लॉ कॉलेजची टेकडी आहे. नाटक बघायचं तर बालगंधर्व. आता मेट्रो झाली, रिक्षावाल्याची मनधरणी करायची गरज नाही. नदीकाठी सगळं विस्कटलेलं आहे तेवढं नीट करा म्हटलं, तर तुम्ही मंडळी कोर्टात जाता."

"आत्या, आपण घरून निघाल्यापासून उतारच उतरतोय, लक्षात आलं का?"

"गुडघ्यांच्या लक्षात आलंय."

"मग आता तुझी यादी याच उतारावर मांडून बघ. फर्ग्युसन कॉलेज १८८५ ला गावात सुरू झालं आणि १८९५ ला या बाजूला आलं ते कुठे? टेकडीच्या पायथ्याशी. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तोही त्याच अंगाला. त्याच आवारात १९३० ला गोखले इन्स्टिट्यूट. भांडारकर १९१७ चं, लॉ कॉलेज १९२४ चं, १९३३ मध्ये कोल्हापूरहून आलेली प्रभात फिल्म कंपनी. सगळ्या वरच्या अंगाला. घरं मधल्या टप्प्यात. आणि नदीजवळ काय ठेवलं? जिमखान्याची मैदानं, बाग, घाट. भिजलं तरी चालेल ते खाली, भिजून चालणार नाही ते वर. हे डेक्कन मला फार शहाणपणाने वसवलेलं वाटतं. आता मात्र प्रत्येक नवी सोय या उतारावरून खाली सरकत थेट पात्रात उतरतेय."

माझ्या मनात हे बरेच दिवस होतं. बोलून दाखवल्यावर मला वाटलं, झालं, आत्या निरुत्तर.

ती थांबली, छत्री मिटली. "लिहायला छान आहे हे. पण खरं आहे का? फर्ग्युसन टेकडीकडे गेलं ते नदीला भिऊन गेलं असं तुला कुणी सांगितलं? अगं, जमीन मोकळी होती म्हणून गेले. भांबुर्ड्याची आणि एरंडवण्याची शेतं होती सगळी. गावात दाटी, त्यात प्लेग आला, माणसं पेठा सोडून बाहेर झोपड्या टाकून राहिली. मोकळ्या हवेत राहायचं हे पुण्याला त्या प्लेगने शिकवलं. माझी सासू सांगायची, ती लग्न होऊन आली तेव्हा संध्याकाळनंतर पूल ओलांडून इकडे यायला टांगेवाला कुरकुरायचा. लोक म्हणायचे, रानात राहायला गेले. पुराचा हिशेब कुणीही मांडला नव्हता."

"म्हणजे मी त्यांना आयतं शहाणपण बहाल करतेय?"

"करतेयस. त्यांच्याकडे जागा होती, म्हणून नदी मोकळी राहिली. आता जागा नाही. दोन्हीत शहाणपणाचा संबंध नाही, गरजेचा आहे."

हे मला मान्य करावं लागलं. हेतू असा नव्हता. पण जमिनीवर जे झालं ते झालंच होतं, आणि ते साठ-सत्तर वर्षं टिकलं. हेतूशिवाय झालेली चांगली गोष्ट हेतूपूर्वक मोडायचं काय कारण, असं मी विचारलं. आत्याने उत्तर दिलं नाही. तिने बोटाने डावीकडची पाटी दाखवली. कॅनॉल रोड.

"खडकवासल्याचं धरण १८७९ चं. त्याचा डावा कालवा इथून जायचा. आता रस्ता झाला, नाव तेवढं राहिलं. या कालव्यांसाठी आणि नळासाठी नदी अडवलीच होती ना? तू सकाळी ज्या पाण्याने अंघोळ केलीस ते नदीला जागा सोडून आलं का? पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. चार धरणं बांधलीत म्हणून हे शहर पाणी पितं. बांधकामाला नावं ठेवायची आणि नळ सोडायचा, हे मला पटत नाही."

"पण पानशेत बांधकामच होतं, आत्या. तुझा वाडा नदीने नाही नेला, अर्धवट बांधलेल्या धरणाने नेला."

"तेच तर!" तिचा आवाज चढला. "काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं, म्हणून फुटलं. मातीचा बांध होता. मी यातून काय शिकायचं? बांधू नका, की नीट बांधा? मी म्हणते, नीट बांधा. ज्याने पूर पाहिला त्याला भिंत हवीशी वाटते गं. तू पाहिलेला नाहीस."

पुढे बराच वेळ आम्ही बोललो नाही.

डेक्कन कॉर्नरला नेहमीसारखी गर्दी. गुडलकच्या दाराशी बन मस्क्याची वाट बघणारी पोरं, पलीकडे बसच्या रांगा. या भागाला ज्याच्यावरून नाव मिळालं तो डेक्कन जिमखाना १९०६ चा. भारताचा संघ १९२० मध्ये ॲंटवर्पच्या ऑलिंपिकला गेला, त्यामागे याच जिमखान्यातल्या क्रीडास्पर्धा आणि त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. एका उपनगरातल्या क्लबाने देशाचा संघ पाठवायचं मनावर घेतलं, याचं मला अजून नवल वाटतं. महापालिका तेव्हा नव्हती, ती १९५० ला झाली. इथल्या बहुतेक मोठ्या सोयी आधी माणसांनी एकत्र येऊन उभ्या केल्या. वर्गणी काढली, सोसायटी केली, आजीव सभासद झाले, अल्प पगारावर शिकवलं. आपण ज्याला 'चांगला एरिया' म्हणतो आणि चौरस फुटाला ज्याचे पैसे मोजतो, तो या माणसांच्या कष्टातून झालाय.

"हिंदविजय टॉकीज इथे होतं," आत्याने मॉलकडे हात केला. "मग नटराज झालं, आता हे."

मॉलच्या मागून आम्ही पात्राकडे वळलो आणि आवाज आला. पाण्याचा आधी आवाजच येतो. भिडे पुलाचे कठडेही दिसत नव्हते. पूल जिथे असावा तिथे फक्त पाण्याला एक लांबट सुरकुती पडलेली. पात्रातला रस्ता गेला होता, पार्किंग गेलं होतं. झेड पुलावर माणसं ओळीने उभी राहून फोटो काढत होती. उजवीकडे लकडी पूल. पानिपतानंतर पेशव्यांनी इथे लाकडाचा पूल बांधला, पुढे दगडी झाला, त्याला संभाजी महाराजांचं नाव दिलं, तरी पुणेकराच्या तोंडी लकडी पूलच. आणि आमच्या पुढ्यात काठालगत मेट्रोचे खांब, तपकिरी पाण्यात पाय रोवून एकामागे एक.

"ती बघ तुझी मेट्रो," मी म्हणाले. "पावणेदोन किलोमीटरच्या आसपास ही मार्गिका नदीच्या अंगाने जाते. २०१६ मध्ये लोक हरित लवादात गेले ते यासाठी."

"आणि १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाली तेव्हा माझ्यासारख्या किती म्हाताऱ्या पहिल्यांदा एकट्या बाहेर पडल्या, ते कोण मोजणार? जंगली महाराज रस्त्यावर खांब घातले असते तर तुम्हीच झाडांसाठी ओरडला असतात. कुठून तरी न्यायलाच हवी ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेट्रो मलाही हवी आहे. मी रोज तिनेच जाते.

पण पाण्याचं मला सांगता येत होतं. मी तिला म्हटलं, जुलै २०२४ मध्ये रात्रीतून विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. हिशेब कर, दर सेकंदाला दहा लाख लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, एका सेकंदात, या पुलाखालून. पुढच्या सेकंदाला आणखी शंभर. तेवढ्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. ते पाणी बांधकामाच्या कागदावर नीट मावेल अशी भिंत दोन्ही बाजूंनी घातलीस तरी पाणी कमी होत नाही. पात्र अरुंद झालं की ते उंच होतं आणि जोरात धावतं. इथे नाही शिरलं तर खाली कुणाच्या तरी घरात शिरतं. पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात ती एवढ्यासाठीच, की तेवढी जागा नदीची समजायची.

आत्या पाण्याकडे बघत होती. पलीकडच्या काठावर, जवळजवळ समोरासमोर, नारायण पेठ.

"बालगंधर्वची कोनशिला कधी बसली?" तिने एकदम विचारलं.

"८ ऑक्टोबर १९६२. स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते."

"पानशेतनंतर पंधरा महिन्यांनी. याच काठावर, इथून हाकेच्या अंतरावर. लोकांच्या घरात अजून चिखल होता, आम्ही पत्र्याखाली होतो. आणि पुण्याने ठरवलं, नदीकाठी नाट्यगृह बांधायचं. पुलं त्यात होते. १९६८ ला उघडलं, तेव्हा दादा आम्हा सगळ्यांना पायी घेऊन आले होते. आत नाही गेलो, तिकिटाचे पैसे कुठले? बाहेरून बघितलं. आई म्हणाली, बरं झालं, नदीकडे परत काहीतरी चांगलं आलं. तुझ्या हिशेबात ते चुकलंच की?"

मी गप्प बसले. बालगंधर्व रंगमंदिराबद्दल मला 'चुकलं' असं म्हणता येत नाही, आणि का येत नाही तेही नीट सांगता येत नाही. ते रस्त्याच्या पातळीवर आहे, पात्रात उतरलेलं नाही, एवढं मी म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. पूर येऊन गेल्यावर माणसांनी नदीकडे पाठ फिरवली असती तर ती गटार व्हायला आणखी कमी वर्षं लागली असती. आत्याला नदी घराजवळ, दिसेल अशी, बसून बघता येईल अशी हवी आहे. मलाही तशीच हवी आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेचा मिळून चव्वेचाळीस किलोमीटरचा काठ सुधारायचा जो प्रकल्प चाललाय, त्यात ती बाकं शोधते आणि मी पात्राची रुंदी मोजते.

"एक सांगू?" आत्या म्हणाली. "मला भिंत हवी ती माझ्यासाठी नाही. माझ्या दारात पाणी यायला ब्रह्मदेव उतरावा लागेल. ती हवी यांच्यासाठी."

आम्ही उभ्या होतो तिथून पुलाची वाडी सुरू होते. डेक्कनच्या चकचकीत दुकानांच्या मागे, उताराच्या अगदी टोकाला, एकमेकींना चिकटून उभी घरं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे इथे पाणी वाढलं, आणि अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्या आठवड्यात मी काहीही लिहू शकले नव्हते.

माझ्या उतारावरच्या मांडणीत मी वाडी धरलीच नव्हती, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. भिजलं तरी चालेल ते खाली, असं मी वाटेत किती सहज म्हणाले होते. मैदान, बाग, घाट आणि ही घरं. या घरांतून रोज सकाळी माणसं चढ चढून प्रभात रोडला, भांडारकर रोडला पोळ्या करायला, म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, गाड्या पुसायला जातात. डेक्कनच्या सोयींमधली ही एक सोय आहे आणि यादीत कुणी ती लिहीत नाही.

"भिंतीने यांचं भलं होईल असं तुला वाटतं?" मी हळूच विचारलं. "भिंत आणि वर फिरायचा रस्ता झाला की या जागेचा भाव काय होईल? वाडी इथे राहू देतील?"

"नाही राहू दिली तर चढावर घरं द्यावीत. आम्हाला गोखलेनगर दिलं तसं. आम्हाला मिळालं ना? मग यांना का नको?"

"मग भिंत कशाला? चढावर घरं दिली तर नदीला जागा आपोआप मोकळी होते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, ते बदललं नव्हतं. घरं मिळेपर्यंत किती पावसाळे जातील, तोवर भिंत नको का, असं तिने लगेच विचारलं. त्या 'तोवर'चं उत्तर माझ्याकडे नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की या शहरात 'तोवर' म्हणून बांधलेलं कधी काढलं जात नाही. भिडे पूल बुडतो, रस्ता बुडतो, पाणी ओसरलं की चिखल धुऊन तिथेच पुन्हा गाड्या लागतात.

वाडीच्या तोंडाशी अग्निशमन दलाची गाडी उभी होती. जवान ध्वनिक्षेपकावरून घरं रिकामी करायला सांगत होते. माणसं गॅसची शेगडी, गादीच्या वळकट्या, टीव्ही डोक्यावर घेऊन शाळेकडे निघाली होती. त्या गर्दीतून आत्याकडे पोळ्या करणाऱ्या ताई आल्या. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात नातीचा हात.

"आज्जी, तुम्ही कशाला आलात पाण्यात?" त्या आत्यालाच रागावल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पिशवी आहे ना जागेवर? रेशन कार्ड, पोरीचा दाखला, सगळं त्यातच आहे."

"आहे," आत्या म्हणाली. "सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलीय. रेघेच्या वर."